ऑफिसचा मेल, घरचा फोन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बीकेसीत नोकरी करतो. कंपनी फोन देत नाही, पण ऑफिसचा मेल फोनवर हवाच असा आग्रह आहे. मेल घालायला गेलो तर फोन 'सगळा डेटा पुसण्याची परवानगी द्या' म्हणतो. तसाही नवा फोन घ्यायचाच आहे, बजेट २५ हजार. कोणता घेऊ? की ऑफिससाठी वेगळा फोन ठेवू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वेगळा फोन नको. डोंबिवली फास्टमध्ये एक सांभाळतानाच नाकी नऊ येतात. मात्र दुकानात जाण्याआधी ऑफिसच्या आयटीवाल्यांना गाठा आणि विचारा : मेल माझ्या फोनवर नेमका कोणत्या पद्धतीने घालणार? मॉडेल त्यानंतर ठरवा.

तुमच्याकडे मागितलेली परवानगी 'डिव्हाइस अ‍ॅडमिन'ची आहे. फोनच्या स्वतःच्या मेल अ‍ॅपमध्ये कंपनीचं एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टची ऑफिस-मेलची यंत्रणा) खातं घातलं की ती पुढे येते. ती दिलीत तर कंपनीच्या सर्व्हरवरून तुमचा अख्खा फोन कोरा करता येतो, घरच्या फोटोंसकट. असं मुद्दाम कोणी करत नाही. पण नोकरी सोडणाऱ्याचं खातं बंद करताना सवयीने 'वाइप'चं बटण दाबलं जाऊ शकतं. तोच मेल आउटलुक अ‍ॅपमधून घेतला तर 'वाइप' केल्यावर फक्त आउटलुकच्या आतला मजकूर जातो, बाकी फोनला धक्का लागत नाही. त्यामुळे आधी 'आउटलुक अ‍ॅप चालेल का?' हे विचारून बघा. कंपनीने नियम लावले असतील तर ते अ‍ॅप उघडताना वेगळा पिन मागेल आणि मेलमधला मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू देणार नाही. तेवढं चालवून घ्या.

त्याहून चांगली सोय म्हणजे वर्क प्रोफाइल. अँड्रॉइड ५ पासून ती आहे. फोनमध्ये ऑफिसच्या अ‍ॅप्सचा वेगळा कप्पा तयार होतो आणि त्यातल्या प्रत्येक अ‍ॅपच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. कंपनीला पुसता येतं ते फक्त या कप्प्यातलं; तुमची गॅलरी, व्हॉट्सअ‍ॅप, बँकेचं अ‍ॅप तिला दिसत नाही. स्क्रीन लॉक किती कडक हवा, एवढी सक्ती मात्र ती पूर्ण फोनवर करू शकते. या कप्प्याला 'पॉज'चं बटण असतं. शनिवारी-रविवारी ते दाबलं की ऑफिसची अ‍ॅप्स झोपतात. लक्षात ठेवा, तेव्हा ऑफिसच्या कॅलेंडरचे रिमाइंडरही वाजत नाहीत. सोमवारी सकाळी आठची मीटिंग असेल तर रविवारी रात्रीच कप्पा चालू करून ठेवा.

एक खूण सांगतो. आयटीवाले 'फोन फॅक्टरी रीसेट करून आणा, मग क्यूआर स्कॅन करू' म्हणाले तर थांबा. वर्क प्रोफाइलसाठी रीसेट लागत नाही. रीसेट लागतं ते पूर्ण फोन कंपनीच्या ताब्यात देण्यासाठी, आणि तो फोन कंपनीच्या पैशांचा असेल तरच द्यावा.

आता खरेदी. वर्क प्रोफाइलमध्ये प्ले स्टोअर, कॉन्टॅक्ट्स, ब्राउझर यांच्या दुसऱ्या प्रती चालतात, म्हणून रॅम ८ जीबी घ्या. ६ जीबीवर टीम्सचा कॉल चालू असताना इतर अ‍ॅप्स मागे बंद पडायला लागतात. स्टोरेज परवडलं तर २५६ जीबी. १२८ घेतलंत तर सिस्टिम आपला वाटा आधीच काढून घेते आणि दोन वर्षांत व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ उरलेलं भरतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोनला मिळणारे अपडेट. ठरावीक व्हर्जनपेक्षा जुन्या अँड्रॉइडवर मेल उघडू न देण्याचा नियम कंपन्या लावू शकतात. अपडेट थांबलेला फोन कॉलला, यूट्यूबला ठणठणीत असतो, ऑफिसचा मेल मात्र एके सकाळी बंद. सॅमसंगने ए१६ ५जी, ए२६, ए३६, ए५६ या मॉडेलांना सहा वर्षांचे अपडेट जाहीर केले आहेत. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून पुढे सात वर्षं, पण ते तुमच्या बजेटबाहेर. ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. सेलमध्ये दोन वर्षं जुनं मॉडेल स्वस्त दिसतं तेव्हा हा हिशेब करा. कॅमेऱ्यावर काही लिहीत नाही. या किमतीत बिलाचा, आधारचा फोटो सगळेच नीट काढतात.

प्रश्न : ऑफिसचे मेल तास-दोन तास उशिरा येतात, फोन हातात घेऊन अ‍ॅप उघडलं की धडाधड सगळे येतात. व्हॉट्सअ‍ॅप मात्र लगेच वाजतं. नेटवर्क बदलू का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : नेटवर्कचा यात दोष नाही. व्हॉट्सअ‍ॅप वेळेवर येतंय म्हणजे डेटा चालू आहे. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चालणारी अ‍ॅप्स मारतो. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या लोकप्रिय अ‍ॅप्सना फोन कंपन्या बहुधा आधीच सूट देऊन ठेवतात. मेल अ‍ॅपला ती आपण द्यायची.

रेडमी, पोको : मेल अ‍ॅपचं चिन्ह दाबून धरा, 'अ‍ॅप इन्फो' उघडा, 'ऑटोस्टार्ट' चालू करा आणि 'बॅटरी सेव्हर'मध्ये 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा. रिअलमी, ओप्पो : 'अ‍ॅप इन्फो'तल्या 'बॅटरी युसेज'मध्ये 'ऑटो लाँच' आणि 'बॅकग्राउंड अ‍ॅक्टिव्हिटी' दोन्हींना परवानगी. व्हिवोमध्ये हे बॅटरीच्या मेनूत, बॅकग्राउंडच्या वीजवापरात सापडेल. सॅमसंगमध्ये बॅटरी, मग 'बॅकग्राउंड युसेज लिमिट्स', तिथल्या 'नेव्हर ऑटो स्लीपिंग अ‍ॅप्स'च्या यादीत मेल अ‍ॅप टाका. व्हर्जनप्रमाणे शब्द थोडे मागेपुढे होतात.

बहुतेकांची गाडी अडते ती इथे : वर्क प्रोफाइल असेल तर आउटलुक दोनदा असू शकतं, आणि लोक सूट देतात साध्या आउटलुकला. ब्रीफकेसवालं चिन्ह दाबून धरून त्याचंच 'अ‍ॅप इन्फो' उघडा. मग स्क्रीन बंद करून फोन अर्धा तास टेबलावर ठेवा, दुसऱ्या खात्यावरून स्वतःला मेल टाका आणि फोनला हात न लावता वाजतो का बघा. उचललात की तो जागा होतो आणि चाचणी फुकट जाते.

आयफोनवाल्यांसाठी जोड : अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये साधं जीमेल खातं घातलं तर मेल आल्याक्षणी येत नाही, फोन ठरावीक वेळाने जाऊन आणतो. लगेच हवा असेल तर जीमेलचं अ‍ॅप घ्या.

प्रश्न : ऑफिसचा आणि स्वतःचा असे दोन नंबर एकाच फोनमध्ये हवेत. ई-सिम कोणत्या नंबरचं करावं?
– एक वाचक, विरार

उत्तर : भारतात मिळणाऱ्या बहुतेक आयफोनमध्ये एक नॅनो सिम (छोटं कार्ड) आणि दुसरं ई-सिम (कार्डाशिवाय, फोनमध्येच असणारं) अशी रचना असते, आयफोन एअरमध्ये तर कार्डाची जागाच नाही. स्वस्त अँड्रॉइडमध्ये दोन कार्डं बसतात, पण ट्रे 'हायब्रिड' असेल तर दुसऱ्या सिमच्या जागी मेमरी कार्ड जातं. दोन्ही एकदम नाही.

आमचं मत : बँकेला जोडलेला नंबर प्लास्टिकच्या कार्डावर ठेवा, ऑफिसचा ई-सिमवर. फोन अचानक बंद पडला तर कार्ड काढून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये मिनिटात घालता येतं आणि ओटीपी चालू राहतात. ई-सिम हलवायचं तर कंपनीची प्रक्रिया करावी लागते, आणि सिम बदलल्यावर साधारण २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. घराचा हप्ता भरायच्या दिवशी हे अंगाशी येतं.

याला दुसरी बाजू आहे. लोकलच्या दारात उभं राहून फोन बघणाऱ्याच्या हातावर रुळांशेजारून काठी मारणारी फटका गँग तुम्हा विरारकरांना सांगायला नको. चोराने कार्ड काढून आपल्या फोनमध्ये घातलं की तुमचे ओटीपी त्याच्याकडे. म्हणून सिम पिन लावाच : सेटिंग्जमध्ये 'सिम लॉक' शोधा, ऑपरेटरचा मूळ पिन देऊन आपला नवा घाला. मूळ पिन अंदाजाने मारू नका. तीनदा चुकला की सिम पीयूके, म्हणजे ते उघडण्याचा ऑपरेटरकडचा कोड, मागतं. अँड्रॉइडमध्ये 'थेफ्ट डिटेक्शन लॉक' आणि आयफोनमध्ये 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' हेही चालू करून ठेवा.

प्रश्न : मनीष मार्केटमध्ये जुना आयफोन स्वस्तात मिळतोय. ऑफिसच्या मेलसाठी घेऊ का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : घ्या, पण दुकानातच फॅक्टरी रीसेट करून, स्वतःच्या हॉटस्पॉटवर जोडून पहिल्यापासून सेटअप करून बघा. मध्येच 'रिमोट मॅनेजमेंट' अशी पाटी आली तर तो कुठल्या तरी कंपनीच्या नोंदणीतला फोन आहे. कितीही वेळा रीसेट केला तरी ती पाटी परत येते. जुन्या मालकाचा अ‍ॅपल आयडी मागितला तरीही नको. *#०६# लावून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) घ्या, इंग्रजीत केवायएम लिहून जागा सोडून तो आकडा घाला आणि १४४२२ वर एसएमएस करा. 'ब्लॅकलिस्टेड' किंवा 'डुप्लिकेट' उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेवा.

आणि आपला आधीचा फोन पुसण्याआधी ऑथेंटिकेटरमधलं (साइन-इनचा कोड देणारं अ‍ॅप) ऑफिसचं खातं नव्या फोनवर जोडून घ्या. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरच्या बॅकअपमधून ऑफिसच्या खात्याचं नाव परत येतं, पण पुन्हा साइन-इन करावं लागतं, आणि त्यासाठी कोड येतो जुन्याच फोनवर.

प्रश्न : पावसाळ्यासाठी आयपी६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) फोन हवाच का?
– एक वाचक, सायन

उत्तर : छत्रीखाली बोलण्यापुरतं आयपी५४ पुरतं, ते शिंतोडे झेलतं. गुडघाभर पाण्यातून जावं लागत असेल तर आयपी६७ : एक मीटर खोल गोड्या पाण्यात ३० मिनिटं. मरीन ड्राइव्हची लाट यात धरलेली नाही, आणि पाण्याने बिघडलेला फोन सहसा वॉरंटीत बसत नाही. चार्जिंगच्या भोकात पाणी गेलं तर तोंड खाली करून हलकेच झटका, किमान अर्धा तास हवेशीर ठेवा आणि तोवर चार्जर लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, कण आत जातात.