आधी ताईचं मानधन

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. वस्तीने निधी उभा केला आणि आता समितीत दोन तट पडलेत. एकांना बालवाडीची नवी खोली, रंगीत भिंती आणि टॅब हवेत, दुसऱ्यांना ताईचं मानधन वाढवायचंय. तुला दोघांचंही पटतंय. मला नाही पटत. पैसा आधी ताईवर.

लहान मुलांवर खर्च का करायचा, हे तुला सांगत बसत नाही. कशावर करायचा, एवढंच बोलू.

दीड वर्षाचं मूल डब्यात ठोकळा टाकतं, आवाज होतो, ते वर बघतं. ताईने ‘पडला! अजून एक?’ म्हणावं आणि त्याच्या उत्तरासाठी थांबावं. भाषा, धीर, विश्वास सगळं तिथे घडतं. चाळीस मुलं एकटीने सांभाळणाऱ्या, मानधन थकलेल्या बाईला ती नजर दिसतच नाही. आणि टॅब मुलाला वर बघूच देत नाही.

जमैकात किंग्स्टनमध्ये 1986-87 साली वाढ खुंटलेल्या मुलांवर एक प्रयोग झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर घरी जायच्या, घरीच बनवलेल्या खेळण्यांनी आईला आणि मुलाला खेळायला शिकवायच्या. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई तशाच इतर मुलांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी जास्त निघाली. ज्यांना नुसता पूरक आहार मिळाला, त्यांच्यात हा फरक दिसला नाही. एवढं सगळं झालं ते येणाऱ्या माणसामुळे.

आणि आपल्या ताराबाई मोडक? 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. भिंत नव्हती, बाई होती.

खोलीचं उद्घाटन करता येतं, देणगीदाराची पाटी लावता येते. मानधनावर पाटी कुठे लावणार? सगळं घोडं तिथेच अडतं.

आमच्या समितीत मी याच मुद्द्यावर एकटी पडले. खोली झाली, देखणी झाली. जीव लावून शिकवणारी ताई मात्र वर्षाच्या आत दुसऱ्या कामाला लागली, घर चालवायचं होतं तिला. मुलं कितीतरी दिवस दाराशीच रडायची, नव्या बाईंकडे जाईनात. लोक मला हेकट म्हणतात, म्हणोत. बैठकीत आवाज चढवला याचं मला काही वाटत नाही. ती गेली, ते अजून सलतं.

छत गळत असेल, पाण्याची सोय नसेल, तर ते आधी कर, एवढं तरी मला कळतं. पण रंग थांबू शकतो. खेळणी पालकांकडून जुन्या कापडाची करून घे, त्या निमित्ताने तेही मुलांजवळ बसतील. आणि मानधन एका वर्षाचं नको, निदान तीन वर्षांचं बाजूला काढ. दरवर्षी ताई बदलली तर मुलाने जीव लावायचा कुणाला?

दोन्ही बाजूंना थोडं थोडं देऊन मोकळं होऊ नकोस, बाळा. ठरावाचा मसुदा मला पाठव. पहिल्या ओळीत मानधन नसेल तर परत पाठवीन.

तुझी,
मावशी