स्प्रिंग एअर रायफलचा झटका: छर्रा नाही, पिस्टन मोजा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं आठवलं. तुम्ही लिहिलंय: क्लबच्या पीसीपीवर (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) 10 मीटरला पाच छर्रे नाण्याएवढ्या जागेत बसतात, घरच्या नव्या स्प्रिंग रायफलवर तेच तळहाताएवढे पसरतात, दुकानदार म्हणतो स्कोप बदला, आणि शाळेतल्या सूत्राने प्रतिक्षेप वेग (रायफल मागे येण्याचा वेग) काढला तर तो नगण्य येतो. स्कोप बदलू नका. निदान अजून तरी.

नेम, श्वास, ट्रिगर तुम्हाला येतं, ते सोडून देतो. तुमचं गणितही बरोबर आहे, फक्त वस्तुमान चुकीचं धरलंय. 0.52 ग्रॅमचा छर्रा 230 मीटर प्रति सेकंदाने गेला तर त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, 0.12 येतो (किलो आणि मीटर प्रति सेकंदात). 3.3 किलोच्या रायफलला भागलं की मागे येण्याचा वेग सेकंदाला साडेतीन सेंटिमीटर. एवढ्याने काही हलत नाही, हे खरं.

पण या रायफलमध्ये छर्‍याच्या आधी पिस्टन धावतो: ट्रिगर ओढला की स्प्रिंग त्याला पुढे ढकलते आणि तो छर्‍यामागची हवा दाबतो. तो साधारण 220 ग्रॅमचा असतो. स्प्रिंगचं एक टोक स्थिर आणि दुसरं पिस्टनबरोबर धावतं, म्हणून संवेगाच्या हिशोबात तिचं निम्मं वस्तुमान धरायचं, म्हणजे आणखी 50 ग्रॅम. हे 270 ग्रॅम सेकंदाला 10 मीटरने पुढे गेले तर संवेग 2.7, म्हणजे छर्‍याच्या वीसपट. रायफल मागे येते सेकंदाला 80 सेंटिमीटरने. पिस्टनची धाव 80 मिमी असेल तर तेवढ्या वेळात मोकळी रायफल साडेसहा मिमी मागे सरकते, आणि छर्रा अजून नळीच्या मागच्या टोकाशीच बसलेला असतो.

पुढचा भाग कोणी सांगत नाही. पिस्टन शेवटच्या काही मिमीत पोचतो तेव्हा कुठे दाब एवढा चढतो की छर्रा जागा सोडतो. त्याच क्षणी दाबलेली हवा पिस्टनला अडवते, तो जरा उलटाही फिरतो, आणि रायफल खाडकन पुढे जाते. मागे, मग पुढे, असे दोन झटके, आणि छर्रा त्याच दरम्यान नळीतून जातो. सगळा प्रकार साधारण 10 मिलिसेकंदांत आटोपतो. माणसाचा हात याच्या दहापट वेळातही प्रतिसाद देऊ शकत नाही.

म्हणूनच ही रायफल घट्ट आवळून धरणं ही सगळ्यात महाग चूक आहे. माझे सगळ्यात जास्त पैसे आणि महिने याच चुकीपायी गेले. एका सर्व्हिस सेंटरने रायफल दोनदा ठेवून घेतली, नळी तपासल्याचं बिल लावलं, पण ‘तुम्ही धरता कशी?’ एवढा एक प्रश्न विचारला नाही. अशा जागी लोक भाग विकायला बसलेले असतात, याचा आजही राग येतो.

आवळल्यावर होतं असं: पकड दर वेळी थोडी वेगळी, म्हणून रायफल दर वेळी वेगळ्या दिशेने अडते आणि सरळ सरकण्याऐवजी किंचित फिरते. नळीचं टोक फक्त 1 मिमी उचललं गेलं तरी 10 मीटरवर छर्रा सुमारे सेंटिमीटरभर वर. त्यासमोर एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिमीचा आहे!

उपाय म्हणजे तिला सरकू द्यायचं, पण दर वेळी सारखंच. पुढचा हात उघडा, तळवा सपाट, बोटं लाकडाला न लावता; रायफल तळव्यावर फक्त टेकलेली. दस्ता खांद्याला जेमतेम लागलेला, गाल हलका, मागच्या हाताचा अंगठा गुंडाळायचा नाही. तळवा कुठे येतो तिथे पेन्सिलीने खूण करा आणि ती जागा सोडू नका. वाळूच्या पिशवीवर रायफल थेट टेकवू नका. पिशवीवर हात, हातावर रायफल. याला आर्टिलरी होल्ड म्हणतात. फ्रान्सच्या 1897 च्या 75 मिमी तोफेतही हाच विचार होता: नळी मागे सरकून परत जागेवर येते, गाडा जागचा हलत नाही.

स्कोपचं सांगायचं तर दुकानदार थोडा बरोबर असू शकतो, पण कारण वेगळं आहे. दारूच्या रायफलचा झटका मागे असतो, त्यामुळे माउंट (स्कोप रायफलवर धरून ठेवणारी पकड) पुढे घसरू पाहतो. स्प्रिंग रायफलमध्ये पुढचा झटका जास्त तीक्ष्ण, त्यामुळे स्कोप मागे, तुमच्या डोळ्याकडे घसरतो. मागच्या माउंटच्या लगेच मागे रेलवर (माउंट बसतो त्या पट्टीवर) मार्करने रेघ मारा. वीस शॉटनंतर माउंट रेघेवर चढला असेल तर स्टॉप पिन (माउंटला घसरू न देणारी खीळ) बसवा. आणि एअरगनसाठी बनवलेलाच स्कोप घ्या. फक्त मागच्या झटक्यासाठी बनवलेल्याची आतली भिंगं इथे ढिली होऊ शकतात, मग तो कितीही महाग असो.

त्याआधी दस्त्याचे स्क्रू बघा: पुढे दोन, ट्रिगर गार्डजवळ एक किंवा दोन. दोन्ही दिशांच्या झटक्यांनी ते सैल होतातच.

मॉडेलप्रमाणे माझे आकडे बदलतील. तुमच्या पिस्टनचं वजन मला माहीत नाही. गॅस रॅम (स्प्रिंगच्या जागी दाबलेला वायू) असेल तर स्प्रिंगचे ग्रॅम जातात आणि तिचा पीळही जातो, पण पिस्टन तोच, त्यामुळे आवळून चालणार नाही. छर्रा न घालता कधीही ट्रिगर ओढू नका. समोर दाब नसल्याने पिस्टन थेट भिंतीवर आदळतो आणि सील जातं. नळी मोडून भरायची रायफल असेल तर छर्रा घालताना दुसर्‍या हाताने नळी धरूनच ठेवा, बोटं वाचतील.

आता एकाच छर्‍याने पाच शॉट नेहमीसारखे आवळून मारा, पाच उघड्या तळव्यावर, वेगवेगळ्या कार्डांवर. दोन्हींचे फोटो इथे टाका. उघड्या तळव्याचा पसाराही उभा निघाला, तर बहुधा हाताची जागा पुढेमागे होतेय. आडवा निघाला तर मागच्या हाताची पकड अजून सुटलेली नाही.