नवं शहर वसवताना पुढच्या पन्नास वर्षांच्या देखभालीचा विचार आराखड्यात कसा करावा?

मी नगररचनाकार नाही, पण पावसाळी निचऱ्याच्या कामांवर बरीच वर्षं सुपरवायझर होतो. त्यामुळे नवी मुंबईच्या एकाच गोष्टीवर बोलतो : धारण तलाव.

१९७० मध्ये सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) स्थापन झाली तेव्हा हाती आलेली बरीच जमीन खाडीलगतची, भरतीच्या पातळीहून खाली. सगळीकडे भराव घालणं परवडणारं नव्हतं. म्हणून डच धर्तीवर खाडीकाठी तलाव खोदले आणि तोंडाला झडपा बसवल्या. भरती आली की पाण्याच्या दाबानंच झडप मिटते आणि पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटीला झडप उघडते, पाणी खाडीत जातं. ना वीज, ना माणूस. मला आजही या योजनेचं फार कौतुक आहे.

पण एका जुलैत, उधाणाच्या भरतीला, एका झडपेच्या फटीत गोणपाट आणि थर्माकोल अडकलेलं मी पाहिलं. चार बोटांची फट. तेवढ्यातून खाडी आत शिरत होती, आणि तिथवर पोहोचायला धड पायवाटही नव्हती.

गाळाचं तसंच. खाडीच्या पाण्याबरोबर तो वर्षानुवर्षं आत येत राहतो, त्यावर कांदळवन रुजतं. २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशानं कांदळवन तोडायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. मात्र त्यामुळे साधा गाळ उपसायलाही परवानग्यांचा फेरा लागतो. दरम्यान तलाव उथळ होत जातो. त्यात १९९२ मध्ये महापालिका आली आणि एकानं बांधलेलं दुसऱ्यानं सांभाळायचं, असं झालं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं : तलावाकाठी पोकलेन उभा राहील, डंपर वळेल एवढी पट्टी नकाशातच राखून ठेवा. तिथे नंतर उद्यान किंवा पार्किंग होऊ देऊ नका. उपसलेला गाळ कुठे टाकणार, ती जागाही आजच दाखवा. गाळ दर दोन-तीन वर्षांनी, झाडं रुजायच्या आत काढायचा, आणि त्याचा पैसा भूखंडविक्रीतूनच वेगळा बाजूला ठेवायचा. हस्तांतराच्या कागदात तलावाच्या तळाची मूळ पातळी लिहा, आणि काठावर तिची दगडी खूण बसवा.