सांगोला भागात गावच्या पाझर तलावातला गाळ शेतात टाकायचा आहे. एकरी किती टाकावा?

हलक्या, मुरमाड रानात 3 इंचांचा थर पुरतो, म्हणजे एकरी साधारण 109 ब्रास. एकर 43,560 चौरस फुटांचा आणि ब्रास 100 घनफुटांचा, म्हणून एका इंचाला सुमारे 36 ब्रास लागतात. ट्रॉली आधी टेपने मोजून घ्या, अंदाजावर वाद होतात. मंगळवेढ्याकडच्या काळ्या, भारी रानात मात्र गाळ टाकूच नका: तिथे चिकणमाती आधीच भरपूर असते, आणखी पडली की पाण्याचा निचरा थांबतो. डाळिंबाच्या खोडाशीही नको, मुळांशी पाणी साचून मर रोग येतो, झाड वाळतं. उचलण्याआधी गाळाचा सामू (pH, म्हणजे आम्ल-विम्लता) आणि क्षारता माती परीक्षणात बघा. खारा गाळ रान वर्षानुवर्षे बिघडवतो.

काम एप्रिल-मेमध्ये, तळ कोरडा असताना करा. त्याआधी ग्रामसभेचा ठराव आणि तलाव ज्या खात्याचा आहे त्याची परवानगी घ्या. ठरावातच वाटपाची यादी करा आणि अल्पभूधारक पहिले ठेवा, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे; नाहीतर ज्याची स्वतःची ट्रॉली, त्याच्याच रानात सगळा गाळ जातो. खोदाई मुरूम लागेपर्यंतच, मूळ तळाखाली नाही. भरावाच्या पायथ्याशी तर बकेट लावूच देऊ नका, तिथून गळती सुरू होऊन बांधच धोक्यात येतो. वाळू लागली तर ती उचलायची नाही.

पसरलेला गाळ उन्हात तापू द्या, पहिल्या पावसात ढेकळं फुटली की शेणखत घालून कुळवा.