'बॉम्बे'त खरंच 'बाहिया' आहे का?

प्रश्न : 'बॉम्बे' हे नाव पोर्तुगीज 'बोम बाहिया', म्हणजे 'चांगला उपसागर', यावरून पडलं असं वाचलं. मग मुंबादेवीवरून 'मुंबई' झालं, ते काय?
– एक वाचक, दादर

उत्तर : 'बोम बाहिया' व्याकरणातच अडखळतं. पोर्तुगीजमध्ये 'बाहिया' स्त्रीलिंगी, त्यामुळे 'बोआ बाहिया' व्हायला हवं. सकाळी 'बोम दिया' आणि रात्री 'बोआ नोइत' म्हणणारे पोर्तुगीज बंदराचं नाव ठेवतानाच लिंग कसे चुकतील?

दुसरी अडचण कालक्रमाची. वसईसह ही बेटं गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना दिली डिसेंबर १५३४ मध्ये. त्याआधीच, १५१६च्या सुमारास, दुआर्ते बार्बोझा हा पोर्तुगीज लेखक ठाण्याला जोडून 'मायांबू' असं नाव लिहितो. गार्सिया दा ओर्ता या वैद्याकडे तर हे बेट खंडाने होतं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात ते 'मोंबाइम' आहे. म्हणजे आधीच्या नोंदींत सुरुवातीचा 'म' शाबूत आहे. शेवटचा अनुनासिक 'आइम' पाहून 'बाहिया' आठवणाऱ्यांनी शेजारी पाहावं : वसईचंही त्यांनी 'बासाइम' केलं होतं, आणि तिथे कोणी उपसागर शोधत नाही. आपल्या 'ई'ला ती त्यांच्या उच्चाराची शेपटी. 'म'चा 'ब' होणं ओठांचं काम, दोन्ही ओष्ठ्यच. 'बोंबाइम'चं इंग्रजांनी 'बॉम्बे' केलं. कोळ्यांची मुंबा आणि 'आई' ही मराठी फोड या सगळ्या रूपांशी जुळते, म्हणून आमचा कौल तिलाच.

प्रश्न : पोर्तुगीज राजकन्या कॅथरिनच्या लग्नात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला मुंबई आंदण देण्याचा करार १६६१चा, मग इंग्रजांना ताबा १६६५मध्ये का?

उत्तर : करारात 'मुंबई' म्हणजे नेमकं काय, हे धड ठरलंच नव्हतं. १६६२ साली इंग्रज आरमार आलं आणि ठाणे-साष्टीवरही हक्क सांगू लागलं. पोर्तुगीज म्हणाले, फक्त मुंबई बेट. ताबा मिळेना, म्हणून मुंबईचा गव्हर्नर म्हणून नेमलेला अब्राहम शिपमन आणि त्याचे शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर राहिले. तिथे शिपमनसह बहुतेक शिपाई मेले. उरलेल्यांना घेऊन शिपमनचा सचिव हम्फ्री कुक याने पोर्तुगीजांच्या अटी मान्य केल्या आणि १८ फेब्रुवारी १६६५ला ताबा घेतला. मग माहीमवरून पुन्हा भांडण. राजाला हे बेट परवडेना, तेव्हा १६६८मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, वर्षाला १० पौंडांवर.