४८४८ पोर्ट बाहेर उघडावा का?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे सॉफ्टवेअर जळगावच्या मुख्य कार्यालयातील लिनक्स मशीनवर, ग्लासफिश या ॲप्लिकेशन सर्व्हरवर चालते. देखभाल माझ्याकडे आहे. राहतो मात्र शिरपूरला. वीज गेली की सर्व्हर बंद पडतो आणि तो सुरू करण्यासाठी भर उन्हात जळगाव गाठावे लागते. घरून प्रशासन करता यावे म्हणून राउटरवर ग्लासफिशच्या प्रशासन-कन्सोलचा ४८४८ पोर्ट उघडला, तरी लॉगिन होत नाही. काय करावे?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : लॉगिन होत नाही हे तूर्त आपल्या पथ्यावरच पडले आहे. ग्लासफिशमध्ये दूरस्थ प्रशासन मुळातच बंद असते. ‘एनेबल-सिक्युअर-ॲडमिन’ हा आदेश देऊन डोमेन (म्हणजे ग्लासफिशचा चालू असलेला सर्व्हर, संकेतस्थळाचे नाव नव्हे) पुन्हा सुरू केल्यावरच ते चालू होते, आणि ॲडमिनचा पासवर्ड रिकामा असेल तर हा आदेशही नाकारला जातो. पासवर्ड आधी बसवावाच, परंतु हा आदेश देण्याची आपल्याला गरज नाही, असे माझे मत आहे. ४८४८ वरील कन्सोलमधून कोणतेही ॲप्लिकेशन चढवता येते, त्यामुळे तो पासवर्ड ज्याच्या हाती लागेल त्याच्या हाती सभासदांची खातीही गेलीच म्हणून समजा. राउटरवरचा तो नियम आजच काढून टाकावा.

त्याऐवजी एसएसएचचा, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या सोयीचा, मार्ग धरावा. लॅपटॉपवर किल्ल्यांची जोडी तयार करून सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवावी, पासवर्डने होणारे एसएसएच लॉगिन बंद करावे, आणि एसएसएच आदेशाच्या ‘एल’ या पर्यायाने लॅपटॉपचा ४८४८ पोर्ट सर्व्हरच्या १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःसाठीचा अंतर्गत पत्ता) वरील ४८४८ शी जोडावा. मग लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा, म्हणजे लॅपटॉपचाच, ४८४८ उघडला की जळगावचा कन्सोल समोर येतो, आणि विनंती त्याच मशीनवरून आली असे ग्लासफिशला दिसत असल्याने ते अडवत नाही. खरे तर रोजच्या कामाला कन्सोलही लागत नाही. एसएसएचने आत शिरून सर्व्हर डॉट लॉग या नोंदींच्या फाइलच्या शेवटच्या ओळी पाहणे आणि ‘एएसॲडमिन’ या ग्लासफिशच्या आदेश-साधनाने डोमेन पुन्हा सुरू करणे एवढ्यावर बहुतेक वेळा भागते.

मात्र मशीनच बंद असेल तर यातले काहीच उपयोगी नाही, आणि आपले खरे दुखणे तेच दिसते. त्यासाठी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतताच मशीन आपोआप सुरू होण्याची सोय चालू करावी आणि रूट (लिनक्समधील सर्वोच्च) अधिकाराने ‘एएसॲडमिन’चा ‘क्रिएट-सर्व्हिस’ हा आदेश द्यावा, म्हणजे मशीन बूट होताना डोमेनही सुरू होते. डेटाबेस त्याच्या आधी उठला पाहिजे, हा क्रम तपासावा. एरवी सर्व्हर चालू दिसतो आणि व्यवहार मात्र होत नाहीत. सुट्टीच्या दिवशी डेटाबेस रीतसर थांबवून, मुख्य स्विच बंद-चालू करून हे एकदा पाहून घ्यावे.

शेवटी एक तपासणी : आपल्या इंटरनेट जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसेल, तर बाहेरून एसएसएच पोहोचणारच नाही. अशा वेळी सेवा देणाऱ्या कंपनीकडून स्थिर पत्ता घ्यावा किंवा भाड्याच्या छोट्या क्लाउड सर्व्हरवर वायरगार्ड हे खासगी जाळे (व्हीपीएन) उभारणारे सॉफ्टवेअर बसवून दोन्ही मशीन त्याला जोडावीत.