पूर ओसरल्यावरचं काम

प्रश्न : मी पलूस तालुक्यातली, बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 2019च्या महापुरात आम्ही शाळेतल्या छावणीत राहिलो. शेजारच्या काकूंचं नाव मदतीच्या यादीत आलंच नाही. मला पूरग्रस्तांसाठी काम करायचंय. आई म्हणते, ती समाजसेवा झाली, नोकरी नव्हे. एनडीआरएफमध्ये (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात) जाऊ का?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी एनडीआरएफचं सांगते. तिथे थेट भरती नसते. बीएसएफ, सीआरपीएफसारख्या दलांतून जवान प्रतिनियुक्तीवर येतात. आणि तू लिहिलंयस ते बोटीतून माणसं बाहेर काढण्याबद्दल नाहीच. शेजारच्या काकूंचं नाव यादीत आलं नाही, हे तुला अजून सलतंय.

ती यादी पंचनाम्यातून तयार होते. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक दारोदार फिरतात. घर पूर्ण पडलं की अंशतः, हे त्यांनी लिहायचं आणि त्यावर मदत ठरायची. शेत सासऱ्याच्या नावावर असलेली विधवा, भाडेकरू, सातबारा नसलेला शेतमजूर इथेच सुटतात. अशा वेळी दहा मिनिटं जास्त थांबून विचारपूस करणारा माणूस सरकारी खुर्चीत असणं मला फार मोलाचं वाटतं. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005चा. त्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि प्रत्यक्ष काम महसूल खात्याच्या अंगावर पडतं. म्हणून तुझा सरळ रस्ता तलाठी भरती किंवा एमपीएससीतून नायब तहसीलदार, तहसीलदार. आईला हेच सांग. ही पगाराची, पेन्शनची नोकरी आहे.

दुसरा रस्ता शिक्षणाचा. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनात एमए करता येतं. माणसांच्या मनाकडे ओढा असेल तर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, कर. किल्लारीच्या भूकंपाला 1993पासून इतकी वर्षं झाली, तरी तिथली जुनी माणसं रात्रीच्या आवाजाने दचकतात. ते दुःख पंचनाम्यात मावत नाही. मात्र एक खरं सांगते, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याची पदं बहुधा कंत्राटी असतात. घर तुझ्या पगारावर चालणार असेल तर निव्वळ त्या पदावर भिस्त ठेवू नकोस.

पदवी होईपर्यंत जिल्ह्यात ‘आपदा मित्र’ या आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण निघतंय का, ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचार. पावसाळ्यात तहसील कचेरीतला नियंत्रण कक्ष चोवीस तास चालतो. तिथेही एकदा जाऊन ये. आणि काकूंचे कागद अजून असतील तर सोबत घे.